आखातातला पैसा, स्टेबलकॉइन आणि अमानत

महाड-पोलादपूरच्या अनेक मुस्लिम घरांतील चूल आखातातून येणाऱ्या पैशावर पेटते. हा पैसा यूएसडीटीसारख्या स्टेबलकॉइनने धाडणे जायज आहे काय, असे आता तरुण विचारतात.

पैसा न हलवता त्याचे मूल्य पोहोचविणे इस्लामला परके नाही. हजरत अब्दुल्लाह बिन झुबैर (रजि.) मक्केत लोकांकडून दिरहम घेत आणि इराकमधील बंधू मुसअब यांच्या नावे चिठ्ठी देत, इब्ने अब्बास (रजि.) यांना त्यात गैर वाटले नाही. तेव्हा प्रश्न साधनाचा नाही, चिठ्ठी देणाऱ्याचा आहे.

याच अब्दुल्लाहांचे पिता हजरत झुबैर (रजि.) यांच्याकडे लोक ठेवी आणीत. ती अमानत म्हणून घेण्यास ते नकार देत आणि कर्ज म्हणून स्वीकारीत; कारण अमानत हरवली तर ठेवणाऱ्याचे बुडते, कर्ज मात्र फेडावेच लागते. ते शहीद झाले तेव्हा बावीस लाखांचे देणे होते. पुत्राने जमीन विकून ते फेडले. तरीही चार वर्षे हजच्या दिवसांत कोणाचे येणे राहिले आहे काय, अशी हाक दिली आणि मगच वारसा वाटला.

स्टेबलकॉइन काढणारी कंपनीही एका नाण्यामागे एक डॉलर देण्याचे वचन देते. मे 2022 मध्ये टेरायूएसडीचे वचन काही दिवसांत कोसळले. मार्च 2023 मध्ये यूएसडीसीच्या राखीव निधीचा भाग सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकला आणि भाव नव्वद सेंटखाली गेला. तो पुढे सावरला, हे खरे. आणि नाणे नुसते बाळगण्यावर कोणी ठरावीक 'परतावा' देऊ करील, तर त्याला व्याजच म्हणावे.

खरी अडचण मात्र शेवटच्या टप्प्यावर आहे. महाडच्या बाजारात वाणी यूएसडीटी घेत नाही. ते अनोळखी माणसाला विकून रुपये घ्यावे लागतात. शरीअतमध्ये चलनाची अदलाबदल हातोहात व्हावी लागते. इथे तर समोरचा कोण, हेच ठाऊक नसते. त्याचे रुपये कोणाला फसवून आणलेले निघाले, तर खाते गोठते आणि पासबुक घेऊन बँकेच्या दारी पोलादपूरची म्हातारी आई उभी राहते. शिवाय 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि विक्रीवर 1 टक्का कपात आहे. परदेशातून पैसा आणण्याचे कायदे वेगळेच. माझ्या मते ज्या देशात आपण राहतो त्याचे कायदे पाळणे हाही करारच आहे, आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या आरंभीच आहे.

म्हणून बँक किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाउस थोडे शुल्क घेत असेल तर ते द्यावे. आणि पैसा कोणत्या वाटेने येतो आहे, हे पाठविणाऱ्याने आईला आधी सांगावे. खाते तिच्या नावावर आहे.