हरत्या डावांची मालिका आणि गृत्समदांचे मागणे

मित्रांच्या बैठकीत पत्त्यांचे डाव सलग हरणाऱ्याला ग्रह फिरल्याचा संशय येतो. गणित वेगळे सांगते. पाच तुल्यबळ खेळाडूंत तीन पत्तीचा डाव जिंकण्याची प्रत्येकाची शक्यता एक पंचमांश. म्हणजे सलग १० डाव हरण्याची शक्यता सुमारे ११ टक्के, नवल वाटू नये इतकी. पिसलेल्या ५२ पानांना मागचा डाव आठवत नाही. त्यामुळे हार भरून निघेल या भरवशावर बोली वाढवत जाणे घातक.

या हतबलतेत देवाकडे काय मागावे? याचे एक उत्तर गृत्समद ऋषींच्या कुळातल्या सूक्तांत सापडते. यवतमाळ जिल्ह्यातले कळंब चिंतामणी गणेशासाठी प्रसिद्ध आहे, आणि गृत्समद ऋषी इथलेच, अशी परंपरा आहे. ऋग्वेदाचे दुसरे मंडल त्यांच्या कुळाचे. त्यातल्या २८व्या सूक्तात वरुणाकडे एक मागणे असे आहे, की स्वतः केलेले ऋण फिटावे आणि दुसऱ्याच्या कमाईवर जगण्याची पाळी येऊ नये. २९व्या सूक्तात भक्त अपराध कबूल करतो. बापाने जुगारी मुलाला शासन करावे तसे देवांनी आपल्याला केले, असे म्हणतो. किती प्रांजळ कबुली ही! फासे अनुकूल पडावेत, असे तो मागत नाही.

दहाव्या मंडलातील ३४वे सूक्त, म्हणजे फाशांवरचे अक्षसूक्त, अधिक कठोर आहे. बेहड्याच्या फाशांपायी घर गमावलेल्याचा सासूही द्वेष करते. त्याला उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. मैत्रीच्या खेळातही ठरवलेली रक्कम संपली की उठावे. उसने घेऊन पुढचा डाव मांडू नये.