परक्याच्या वस्तूचे मोल

आमच्या देवळात उत्सवाची सांगता झाली की पावणी होते. देवाला वाहिलेले नारळ, केळ्यांचा घड, सुपारीची फणी असे जिन्नस सभामंडपात मांडले जातात आणि बोली चढू लागते. बाजारात दोनशेला मिळणारा घड येथे पाच हजारांवर जातो; पण त्यात कोणी फसला असे आपण म्हणत नाही. घेणाऱ्याला बाजारभाव ठाऊक असतो, बोली वाढवणाऱ्याचे तोंड सर्वांना दिसत असते आणि वाढलेला प्रत्येक रुपया देवाच्या पदरी पडतो. पुकारणाऱ्या गृहस्थाचा त्यात छदामही नसतो. लिलावाचे इतके निर्मळ रूप दुसरीकडे क्वचितच आढळेल.

हे आठवायला कारण घडले आमच्या शेजारच्या एका तरुणामुळे. हा मुलगा इंटरनेटवरील लिलावांत लोकांच्या वस्तू विकून देतो. वस्तू त्याच्या नव्हेत. घरात अडगळीत पडलेल्या, कोणाच्या तरी आजोबांच्या. तो त्यांची छायाचित्रे काढतो, वर्णन लिहितो, परदेशी ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देतो, बांधून टपालाने धाडतो आणि आलेल्या रकमेतून शेकडा वीस स्वतःकडे ठेवतो. पूर्वीचा अडत्या मोंढ्यावर बसे, हा संगणकापुढे बसतो, एवढाच फरक. या तऱ्हेच्या लिलावाचा आरंभ १९९५ साली कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार यांनी केला आणि त्याच संस्थेला पुढे ईबे हे नाव मिळाले. तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर दर्शक. त्याला चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंट आले. मोडकी वस्तू जमवणाराही जगात कोठेतरी असतो आणि तो सापडला की कचऱ्याला किंमत येते, हे या धंद्याचे सारे मर्म. ईबेची भारतातील देशांतर्गत बाजारपेठ २०१८ साली बंद झाली. येथून परदेशी विकणे मात्र चालू आहे.

एके दिवशी पंचाऐंशी उलटलेल्या एका माईंनी या मुलाच्या हाती बिस्किटांचा एक जुना डबा दिला. आत यजमानांची जुनी पाकिटे होती. यजमान पोर्तुगीज अमदानीत दीव येथे सरकारी कचेरीत कारकून होते. "पांचशें रुपया मेळ्ळ्यार पुरो," माई म्हणाल्या. मुलाने पाकिटे उघडून पाहिली. १९५९ च्या आरंभी पोर्तुगीज हिंदुस्थानातील रुपिया जाऊन एस्कुदो आले आणि १९६१ च्या डिसेंबरात ती राजवटच संपली. त्या अवघ्या तीन वर्षांतील तिकिटे आणि त्यांवर दीवचा शिक्का! लिस्बनकडील संग्राहक अशा गोष्टींवर तुटून पडतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "काका, एक विचारू? मी माईंना आत्ताच पाचशे रुपये देऊन डबा विकत घेतला, तर त्यात वाईट काय? त्यांनी मागितले तेवढे त्यांना मिळतील. पुढे मला जास्त आले तर ते माझ्या माहितीचे फळ. सगळे व्यापारी हेच करतात."

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्यापारी स्वस्त घेतो आणि महाग विकतो. माल पडून राहिला तर नुकसानही सोसतो. त्याच्या नफ्यात त्याच्या जोखमीचे मोल असते. शिवाय ज्ञान ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. या मुलाने टपालाचे शिक्के वाचायला रात्री जागवल्या आहेत. मग त्याच्या ज्ञानाचे मोल त्याने का घेऊ नये?

मला वाटते, उत्तर ज्ञानात नाही, नात्यात आहे. माईंनी डबा त्याला विकला नव्हता, सोपवला होता. "माझ्यासाठी वीक" असे ज्याला म्हटले, तो त्या क्षणापासून मालकाचा हात झाला, मालकाचा डोळा झाला. डोळ्याने पाहिलेले मालकापासून लपवावे, याला काय म्हणावे? तोच मुलगा माईंच्या दारी ग्राहक म्हणून गेला असता, तर गोष्ट थोडी वेगळी झाली असती. मी 'थोडी' म्हणतो. कारण पंचाऐंशी वर्षांच्या बाईच्या अज्ञानावर नफा काढणाऱ्या ग्राहकालाही मी सज्जन म्हणणार नाही. पण तो निदान विश्वासघातकी ठरला नसता.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. परक्याचा माल विकून देणाऱ्याने त्या देशी व त्या काळी आलेली किंमत नफ्यासह मूळ मालकाच्या स्वाधीन करावी, असे कौटिल्याने सांगितले आहे. ग्राहकांच्या चढाओढीने वाढलेले मोल मात्र तो सरळ राजाच्या कोशात घालतो. ते विकणाऱ्याच्या गुणाने वाढलेले नाही, असे त्याला वाटत असावे. राजाचा हक्क आज कोणी मानणार नाही, पण त्यामागील शंका मला मोलाची वाटते. १८७२ च्या करार कायद्याचेही म्हणणे असे की मुखत्याराने धन्याला न सांगता स्वतःच तो व्यवहार केला, तर त्यातला लाभ धनी मागू शकतो.

हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे माझे वीस टक्केच." मी म्हटले, "हो, पण ते पुरते तुझे. आणि थोडे वाटत असतील तर आधी जाऊन पंचवीस माग. मागणे पाप नाही."

खरी मेख पुढे आहे. दलाली ठरली म्हणून सगळे ठरत नाही. मालकाला हजार रुपये अधिक मिळवून देण्यासाठी आठवडाभर थांबायचे, तर दलालाच्या हाती त्यातले दोनशेच येणार. त्यामुळे घाईने विकण्याचा मोह त्याला नेहमीच असतो आणि मालकाला ते कधीच कळत नाही. दुसरा मोह आपल्याच मित्राकडून खोटी बोली लाववण्याचा. १९३० च्या माल विक्री कायद्याने आगाऊ सूचना न देता विकणाऱ्याने स्वतःसाठी बोली लावणे बेकायदा ठरवले आहे. पण सभामंडपात तोंड दिसते, तसे तेथे दिसत नाही. महाभारताच्या शांतिपर्वातील काशीचा तुलाधार आठवतो. जटांत पक्ष्यांची घरटी वाढवणाऱ्या जाजलीला या वाण्याकडे धर्म शिकायला जावे लागले. आणि तुलाधाराने सांगितले काय, तर आपला तराजू सर्वांना सारखा आहे, एवढेच. पण त्याच्या तराजूपुढे गिऱ्हाईक उभे असे. येथे गिऱ्हाईक समुद्रापार आणि मालक घरी मिणमिणत्या नजरेने बसलेला. दोघांच्या मध्ये तराजू धरणारा एकटाच.

मुलगा माईंकडे गेला आणि डब्याची खरी किंमत त्याने सांगितली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी सुचवली नव्हती. काही पाकिटांत पत्रे तशीच होती, मराठीत, मोडीचे वळण असलेल्या अक्षरात. आत पत्र असलेल्या पाकिटाला संग्राहक अधिक देतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. माईंना दिसत नव्हते, म्हणून त्यानेच ती एकेक वाचून दाखवली. दोन दुपारी त्यात गेल्या.

पुढे पत्राविना असलेली दहा पाकिटे अठरा हजारांना गेली. हिशेबाचा कागद त्याने माईंच्या नातीकडून वाचून घेतला आणि सही घेऊन तीन हजार सहाशे स्वतःचे उचलले. पत्रे असलेली चार पाकिटे, म्हणजे डब्यातला सर्वांत किमती भाग, माईंनी परत मागून घेतली. ती आता देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत.