पाचवी आणि सातवी

चारोटी नाक्यावर उभ्या माणसाचा चेहरा अर्धाच दिसतो. रुमाल, टॉवेल, ओढणी, पदर. अहमदाबाद महामार्गाची धूळ आणि ट्रकांचा वारा कुणालाच नको असतो. त्यातल्या एखाद्याने तोंड बांधलं असेल ते धुळीसाठी नव्हे, नुसत्या वाऱ्यासाठी. झुळूक गालाला लागली की त्याच्या जबड्यातून करंट जातो. बाहेरून दोघेही सारखेच.

*

जुन्या वारली बायांच्या चेहऱ्यावर गोंदण दिसतं. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या गालावर, कुणाच्या हनुवटीवर. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या, म्हणजे ट्रायजेमिनलच्या, तीन शाखा याच तीन मुलखांत पसरतात. कपाळ आणि डोळा पहिलीचा. गाल आणि वरचे दात दुसरीचे. खालचा जबडा, हनुवटी तिसरीची. सुई टोचली तेव्हाची प्रत्येक कळ हिनेच वर नेली. जबड्याचा कानाखालचा कोपरा मात्र हिच्या हद्दीबाहेर. तिथली खबर मानेतून येणारी नस घेते. ही हद्द दिसत नाही; तलासरी ओलांडून गुजरातेत शिरताना निदान पाटी तरी लागते.

*

चेहरा हलवते ती सातवी नस. हसू, आठ्या, मुरडलेलं नाक, सगळं तिचं. चेहऱ्याला जे जाणवतं ते पाचवीचं. जाणवणं एकीकडे, दाखवणं दुसरीकडे.

हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. चेहऱ्यातून करंटसारखी जाणारी जी कळ, तिचं नेमकं वर्णन जॉन फॉदरगिलने लंडनमध्ये १७७३ सालीच केलं होतं. पण नस कोणती, ते ठाऊक नव्हतं. शस्त्रवैद्य कळ थांबवायला सातवी कापत. तोंड वाकडं होई, कळ तशीच राही. १८२० च्या दशकात चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांनी दोन्ही नसांची कामं वेगळी करून दाखवली. तोवर किती चेहरे फुकट वाकडे झाले असतील!

*

दात काढण्याआधी पाचवीला बधिर करणारं इंजेक्शन घेतलं की ओठ सुजल्यासारखा वाटतो. आरशात तो होता तेवढाच असतो. आपल्याला जाणवणारा चेहरा आणि लोकांना दिसणारा चेहरा यांची इतकी उघड फारकत एरवी होत नाही.

*

पाचवीची कळ काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची. मग काहीच नाही. मग पुन्हा. कारणं हास्यास्पद वाटावीत इतकी साधी: तोंड धुणं, दाढी करणं, मशेरी लावणं, घास चावणं, बोलणं. बहुतेक वेळा ती दुसऱ्या-तिसऱ्या शाखेत उठते, म्हणून दातातच आहे असं वाटतं. माणूस दात काढून घेतो. कळ थांबत नाही. शेजारचा काढतो. चांगले दात निघून जातात आणि दुखणं बोळक्यात राहतं. दोनशे वर्षांपूर्वी भलती नस कापली जायची, आता भलता दात निघतो.

*

चारोटीहून जवळच गंजाड. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे तिथले. वारली चित्रातल्या माणसाचं डोकं म्हणजे एक गोल; बहुधा त्यात डोळा नाही, नाक नाही, ओठ नाही. तरी कोण नाचतंय, कोण ओझ्याने वाकलंय, ते कळतं. सगळं कंबरेवर आणि गुडघ्यांवर सोपवलेलं असतं.

पाचवीचा रोगी आपणहून तसा गोल होऊ बघतो. ओठ हलवत नाही, हसत नाही, गालाला हात लावू देत नाही. घरचे म्हणतात, घुम्या झालाय.

*

आयुर्वेद तिखटाला सहा रसांत धरतो. नसांचा हिशोब वेगळा. गोड-खारट वाहून नेणाऱ्या नसा निराळ्या. मिरचीचा जाळ पाचवी नेते, भाजल्याची खबर म्हणून. साधारण ४३ अंशांच्या चटक्याला जे दार उघडतं तेच मिरचीनेही उघडतं, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवलं. २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. सुक्या बोंबलाच्या चटणीने नाक-डोळे वाहतात आणि आपण आणखी मागतो. वेदना आपल्या हातात असली की तिला आपण चव म्हणतो.

*

डोळ्यात कण गेला की पापणी मिटते. खबर पाचवीची, मिटणं सातवीचं. एरवी आपापल्या वाटेने जाणाऱ्या दोघी इथे क्षणाच्या अंशात एकमेकींना गाठतात.

कुष्ठरोगात दोघींनाही इजा होऊ शकते. पालघर जिल्ह्यात आजही त्याचे नवे रुग्ण सापडतात. बुबुळ बधिर झालं की धूळ खुपत नाही. पापणीही पुरती मिटत नाही. डोळा लाल होतो, व्रण पडतो, आणि माणूस सांगतो, काही दुखत नाही. हे ऐकून डॉक्टर घाबरतो ते बरोबरच आहे.

*

पाचवीच्या कळेचं मूळ बहुतेकदा गालात नसतंच. ते मेंदूच्या तळाशी असतं, जिथे एखाद्या रक्तवाहिनीचं वेटोळं नसेच्या मुळावर टेकून धडधडत असतं. वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये हे नोंदवलं. पुढे पीटर जॅनेटा यांनी दोघांच्या मधे गादी सरकवायची शस्त्रक्रिया रूढ केली. त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं.

त्याआधी गोळी. कार्बामाझेपिन, १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर पहिली मानलेली. ती फिटांचीही गोळी आहे. औषधाच्या दुकानात कुणीतरी तसं बोलून जातं आणि गोळी घ्यायला आलेली बाई घाबरते: मला कुठे फिट येते? लेकीच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट जाईल, हे तिच्या मनात आधी येतं. फिट मेंदूत आणि कळ नसेत. दोन्हीकडे चेतापेशी विनाकारण पेटतात, गोळी ते पेटणं आवरते, एवढंच तिला सांगायचं असतं. शिवाय चक्कर येईल, अंगावर पुरळ उठलं तर लगेच या, मनाने बंद करू नका. दोन मिनिटांचं बोलणं. ते झालं नाही तर पाकीट फळीवर पडून राहतं आणि बाई पुढचा दात काढायला जाते.