किलोभराचं दप्तर

१९८१ सालचा ऑस्बॉर्न-१ हा ‘सोबत नेता येणारा’ संगणक म्हणून विकला जाई आणि त्याचं वजन होतं जवळपास ११ किलो. २००७ साली असूसचा ईई पीसी आला तो किलोच्या आत: सात इंची पडदा, ४ जीबी साठवण. आज सव्वा किलोत अख्खी कचेरी मावते.

सावंतवाडीहून एसटीनं पणजी गाठणारा किंवा आंबोली घाट चढून बेळगावला जाणारा माणूस लॅपटॉप घेताना आधी वजन बघतो, यात वावगं काहीच नाही. चार्जरचंही वजन धरावं. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरी किती तग धरते ते विचारावं. आणि दुकानातच मांडीवर घेऊन चार ओळी टाइप कराव्यात. फार लहान कीबोर्डवर बोटं अडखळतात.

पण यंत्र हलकं झालं म्हणून ओझं उतरतं का? पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह सांगितला, गांधीजींच्या व्रतांत तो असंग्रह म्हणून आला. कपाटभर फायली आणि टाइपरायटर हटवणारं किलोभराचं यंत्र या कसोटीला सहज उतरायला हवं. उतरत नाही. पूर्वी कचेरीला कुलूप लावून घरी येता येई. आता ती एसटीतही मांडीवर उघडते.

बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्या चरित्रात या प्रश्नाचा एक जुना धागा सापडतो. जन्म १७१४चा, हाती गावचं कुळकर्णीपण, म्हणजे वसुलीचे हिशेब आणि मोडी कागदांचे रुमाल. दरबारच्या बोलावण्यावरून सावंतवाडीला निघालेले सोहिरोबा इन्सुलीच्या रानात फणस फोडून बसले, तेव्हा नाथपंथी गहिनीनाथांनी येऊन गरे मागितले आणि त्यांना उपदेश दिला, अशी कथा इकडे सांगतात. पुढे सोहिरोबांनी कुळकर्णीपण सोडलं. लेखणी मात्र हातातच राहिली: ‘सिद्धान्तसंहिता’सारखे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत, आणि उतारवयात ते ग्वाल्हेर-उज्जैनपर्यंत हिंडले.

सोहिरोबांनी दुसऱ्याच्या हिशेबाची बांधिलकी टाकली, लिहिण्याचं साधन ठेवलं. हीच निवड आजही करता येते. घाटातल्या गावात राहून शिकणाऱ्या मुलीला हलका लॅपटॉप मिळाला तर तो संग्रह म्हणता येणार नाही. तिचं जग त्यानं मोठं होतं. पण दोनशे ग्रॅम वाचवायला चालू यंत्र टाकून नवं घेणं हा सरळ संग्रह आहे. त्यापेक्षा जुन्याचीच बॅटरी बदलून घ्यावी, आणि कचेरीचं मेल त्यावर सुट्टीच्या दिवशी उघडू नये.