कारण कळेपर्यंत मायेनें थांबावें काय?

मनुष्य दुखणाईत झाला म्हणजे शेजारी त्यास दोन प्रश्न विचारतात. "कसें वाटतें?" हा पहिला, आणि तो दयेचा. "असें काय केलेंत म्हणून हें झालें?" हा दुसरा, आणि तो न्यायाधीशाचा. ताप आला, हाड मोडलें, सर्पदंश झाला, तर पहिला प्रश्न आपोआप तोंडीं येतो. पण एखाद्याचें शरीर कांहीं कारण न दिसतां स्थूल होऊं लागलें, कीं पहिला प्रश्न कोणी विचारीत नाहीं. लठ्ठपणा हें दुखणें नसून खादाडपणाचें फळ होय, असा निकाल आपण आधींच देऊन बसलेले असतों. हा निकाल कितपत न्याय्य आहे, याचा विचार आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

आमच्या घरोब्याच्या एक शिक्षिका आहेत. सारा गांव त्यांस बाई म्हणतो. दीड वर्षांत त्यांचें वजन आठनऊ किलो वाढलें. पोलकीं दोनदां उसवून सैल करावीं लागलीं. बांगड्या हातांत रुतूं लागल्या. चेहरा सुजल्यासारखा दिसे, आवाज घोगरा झाला, केस गळूं लागले, आणि भर वैशाखांत त्या शाल पांघरून बसत. फळ्यापाशीं तासभर उभें राहणेंहि त्यांस जड जाई. पोरें मागून हंसत, बायका नळावर कुजबुजत. आम्हीहि मागें राहिलों नाहीं. "बाई, भात सोडा, पहांटे फिरावयास जा," असा उपदेश आम्हीं मोठ्या आपुलकीनें केला. बाईंनीं भात सोडला, रात्रीचें जेवणहि सोडलें. वजन उतरलें नाहीं. बाई मात्र खचल्या. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "मी चोरून खातें असें तुम्हांसहि वाटतें ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें, कारण आम्हांस तसेंच वाटत होतें.

त्या लाजेनें आम्ही जागे झालों. कोणता त्रास केव्हांपासून होतो, हें बाईंनीं सांगितलें व आम्हीं वहीच्या पानावर लिहून घेतलें. मग त्यांच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यांत गेलों. डॉक्टरांनीं पान वाचलें, गळा चांचपून पाहिला आणि रक्त तपासावयास सांगितलें. थायरॉईड म्हणून जी लहानशी ग्रंथि गळ्यांत असते, तिचा रस बाईंच्या शरीरांत फार कमी पडत होता. हा रस शरीराच्या चुलीचा विस्तव होय. तो मंदावला कीं थंडी वाजते, अंग जड होतें, मन उदास होतें. आणि जें वजन वाढतें त्यांतील पुष्कळसें तर शरीरांत सांचलेलें मीठ व पाणी असतें. लंडन येथील डॉक्टर गल यांनीं १८७३ सालीं प्रौढ स्त्रियांमधील या विकाराचें वर्णन केलें. पुढें १८९१ सालीं न्यूकॅसल येथें डॉक्टर मरे यांनीं एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली. त्याआधीं अशा किती जणींस आळशी म्हणून हिणविलें गेलें असेल, कोण जाणे!

स्थूलतेचें हें एकच गुप्त कारण नव्हे. डॉक्टर कुशिंग यांनीं १९१२ सालीं वर्णिलेल्या विकारांत चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, पोट सुटतें आणि हातपाय मात्र कृश होतात. दम्यावर किंवा सांधेदुखीवर स्टिरॉईडच्या गोळ्या पुष्कळ दिवस घेतल्यानेंहि असेंच होतें. तथापि डॉक्टरांस विचारल्याशिवाय त्या गोळ्या एकाएकीं बंद करणें जिवावर बेतूं शकतें. चारदोन दिवसांतच वजन वाढलें, पाय सुजले, धाप लागूं लागली, तर हृदयाकडे किंवा मूत्रपिंडाकडे दोष असूं शकतो. तेव्हां क्षणाचाहि विलंब लावूं नये.

बाईंस दुखणें आहे हें कळतांच गांवाचा सूर बदलला. "बिचारीचा दोष नव्हता," असें सारे म्हणूं लागले. हें ऐकून आम्हांस समाधान वाटावयास हवें होतें, पण तसें वाटलें नाहीं. रक्ताच्या तपासणीनें बाई निर्दोष ठरल्या म्हणून जी दया आली, ती दया कसली? ती तर कचेरींतील सुटका झाली. तपासणींत कांहींच निघालें नसतें तर? किंवा खाण्याचीच चूक निघाली असती तर? त्यांचा थकवा खोटा ठरला असता काय, कीं त्यांचे अश्रु कमी खारट झाले असते? ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते मित्र होते. पुढें त्याच्या दुःखाचें कारण ते त्याच्या पापांत शोधूं लागले, आणि त्याच्या दुःखांत भरच पडली.

मग मित्रानें हिताची गोष्ट बोलूंच नये काय? अवश्य बोलावी; पण आधीं ऐकावें, आणि जें ऐकलें तें खरें मानावें. न ऐकतां दिलेला सल्ला, मग तो कितीहि शहाणपणाचा असो, दुखणाइतास दगडासारखा लागतो.

बाईंचें दुखणें संपलेलें नाहीं. रोज पहांटे उपाशीं पोटीं गोळी घ्यावयाची, औषधाचें प्रमाण बदललें कीं सहाआठ आठवड्यांनीं पुन्हां रक्त तपासावयाचें, आणि हें बहुधा जन्मभर. आवाज सुधारला, शाल सुटली. वजन मात्र थोडेंच उतरलें आहे, आणि कांहीं दिवस थकवा पुन्हां येतो. गांवास आतां या गोष्टीचा कंटाळा आला आहे. मैत्रीची खरी परीक्षा येथेंच आहे. पहिल्या आठवड्यांत भेटावयास सारेच येतात. दुसऱ्या वर्षीं कोण येतो, हें पाहावें.

वाचकहो, आपल्या वस्तींत असें कोणी असेल तर त्याच्या ताटाकडे पाहूं नका, त्याच्या तोंडाकडे पाहा. दवाखान्यांत जातांना त्याच्याबरोबर जा. एका डॉक्टरानें उडवून लाविलें तर दुसऱ्याकडे चला. आणि कारण सांपडलें नाहीं, तरी त्याच्या ओटीवर जाऊन बसा. कारण शोधणें हें वैद्याचें काम आहे. सोबत करणें हें आपलें.