आहारनिग्रह आणि रसनिवृत्ती

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवान श्रीकृष्ण एकोणसाठाव्या श्लोकात असे निरूपण करतात की, जो देही आहार घेत नाही त्याच्यापासून विषय मागे फिरतात, परंतु विषयांविषयीचा रस मागे राहतो. तो रसही परतत्त्वाच्या दर्शनाने निवृत्त होतो. कित्येक टीकाकारांनी येथील आहार शब्दाने सर्व इंद्रियांचे विषय घेतले आहेत आणि प्रकरणाला धरून ते योग्यच आहे. तथापि शब्द मुळात जेवणाचा आहे हे विसरता येत नाही. उपाशी राहिलेल्या माणसाला अन्नाची चव अधिकच आठवते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय असल्यामुळेच तो उदाहरणादाखल घेतला गेला असावा. प्रस्तुत विवेचन या श्लोकाच्या पूर्वार्धापुरतेच मर्यादित आहे. उत्तरार्धाचा विषय मोक्षाचा आहे. कंबरेचा घेर कमी व्हावा एवढ्यासाठी परमेश्वरदर्शनाची अपेक्षा धरणे हे गीतेचे आणि देहाचेही अवमूल्यन होय.

प्रश्न असा आहे. माणसाला आपले वजन वाढले हे कळते, वैद्य सांगतो तेही पटते, तो चार महिने गोड सोडतो, पहाटे चालतो, दहा किलो उतरतोही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा होता तेथे येतो, कधी त्याहूनही पुढे जातो. भोवतालचे लोक त्यावर एकच निर्णय देतात : याचा जिभेवर ताबा नाही. हा निर्णय न्याय्य आहे काय? ज्यांच्या मार्गात रसनाजय हा आचाराचा भाग आहे, त्यांनी तर हा प्रश्न टाळताच कामा नये. कारण इतरांपेक्षा त्यांच्याच तोंडी तो निर्णय अधिक सहजपणे येतो.

प्रथम यवतमाळ जिल्ह्याकडेच पाहावे. दोन पिढ्यांपूर्वी दारव्हा, नेर, घाटंजी, राळेगाव या भागातील शेतकऱ्याचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि ठेचा. ज्वारी घरची होती, कडबा बैलांना लागत होता, म्हणून ती पेरलीच जात असे. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ते राज्यभर पसरले. पुढे परिस्थिती पालटली. कपाशीने जमीन व्यापली, १९९० नंतर सोयाबीनने उरलेली घेतली. बैल कमी झाल्याने कडब्याची गरज सरली. उरलीसुरली ज्वारी रानडुकरे आणि पाखरे राहू देत नाहीत म्हणून कोणी पेरीना. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले आहे. कायद्यात भरड धान्याचाही उल्लेख आहे. परंतु पिशवीत बहुधा गहू आणि तांदूळच पडतात. या धान्याने अनेकांची भूक भागली, ही गोष्ट लहान नाही. पण ज्वारी पिकवणाऱ्या मुलुखात ज्वारी विकत घ्यावी लागते आणि गहू-तांदूळ फुकट येतात, अशा स्थितीत भाकर सुटली तर तो जिभेचा दोष कसा म्हणावा?

श्रमाचेही तसेच. निंदण बऱ्याच अंशी तणनाशकाने घेतले, मळणी यंत्राने घेतली, जाते कधीच उंबऱ्याबाहेर गेले, आणि शेताकडची पायवाट मोटारसायकलने आटोपली. कापसाची वेचणी मात्र अद्याप बायांच्या कंबरेवरच आहे. ज्या श्रमाने पूर्वीच्या माणसाचा देह आटोक्यात राहिला, तो श्रम त्याने आरोग्यासाठी केला नव्हता. पोटासाठी केला होता. त्यातून सुटल्याबद्दल कोणाला दोष देणे हे अन्यायाचे होईल. परंतु श्रम गेला तरी भुकेची सवय गेली नाही, आणि त्याच वेळी तेल स्वस्त व सुलभ झाले. पूर्वी जवसाचे वा भुईमुगाचे तेल पळीने मोजून निघत असे. आता कढई भरून आलूबोंडे तळले जातात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. मध्यम वजनाच्या माणसाने अर्धा तास चालून जेवढे खर्चावे तेवढे ते एका चमच्यात परत येतात. सकाळी फिरून आल्यावर बसस्थानकाजवळ दोन आलूबोंडे आणि गोड चहा घेणाऱ्याचे गणित कोणत्या बाजूला झुकते, हे सांगण्याची गरज नाही.

इतके बाहेरचे झाले. आता देहाच्या आत पाहू. महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. ते स्वेच्छेने आले होते. युद्धात शस्त्र न धरण्याचा त्यांचा नैतिक निश्चय होता, म्हणजे निग्रहात ते कोणाहून उणे नव्हते. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले असता त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरले. त्यांच्या मनाचे जे झाले ते अधिक बोलके आहे. ते दिवसरात्र अन्नाविषयीच बोलत, पाककृतींची पुस्तके वाचत, ताटे चाटून पुसत. प्रयोग संपल्यावर त्यांपैकी कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. विषय दूर गेले आणि रस उरला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

पुढील संशोधनाने याचे कारणही दाखविले आहे. १९९४ साली लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. देहातील चरबी ते निर्माण करते आणि आपण किती आहोत याचा निरोप मेंदूला पाठवते. चरबी घटली की निरोप मंदावतो, मेंदू तो दुष्काळ समजतो, भूक वाढवतो आणि खर्च आखडतो. स्पर्धेसाठी झपाट्याने वजन उतरविलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तिचा वृत्तांत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला : त्यांच्या देहाचा विश्रांतीतील खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी आढळला. म्हणजे शेजाऱ्याएवढेच जेवूनही त्यांचे वजन वाढणार. असा माणूस अधाशी नाही; तो आपल्या देहाशी रोज झुंजतो आहे आणि ती झुंज कोणाला दिसत नाही. अलीकडे भूक शमविणारी, आठवड्यातून एकदा टोचावयाची औषधे निघाली आहेत आणि २०२५ पासून ती वजनासाठी भारतातही मिळू लागली. त्यांतील एका औषधाच्या पाहणीत, ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. औषध होते तोवर रस निजला होता, इतकेच.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्यही येथे ध्यानात घ्यावे लागते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बालके यांचा अभ्यास चालविला. ही बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी होती, तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. घटले होते ते स्नायू. वरून कृश, आतून मेदयुक्त असा हा देह असतो. आईच्या आणि आजीच्या अर्धपोटी दिवसांची नोंद जणू बालकाच्या अंगात उतरते. म्हणूनच आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या मानाने कमी वजनातही मधुमेह गाठतो, आणि येथील वैद्यांनी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ या निर्देशांकावर आणली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे १९ कृश आणि २४ स्थूल वा अतिवजनी आढळल्या. या दोन्ही स्त्रिया एकाच तालुक्यात, पुष्कळदा एकाच आळीत राहतात. झरी जामणी वा मारेगावच्या कोलाम पोडावरील बाई आणि यवतमाळच्या नगरातील गृहिणी यांना एकच संयम शिकविणारा उपदेशक दोघींपैकी एकीलाही ओळखत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग नाही असे म्हटले आहे, आणि त्याच श्लोकात मुळीच न खाणाऱ्यालाही नाही असे म्हटले आहे. पहिला निषेध सर्वांना पाठ असतो. दुसऱ्याची आठवण फारशी निघत नाही.

यावर आक्षेप येईल की, असे म्हटल्यास मनुष्याचे कर्तृत्व उरतच नाही. सर्व दोष बाजाराचा, पिकाचा आणि गुणसूत्रांचा. आक्षेप महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर तिसऱ्या अध्यायात सापडते. तेहतिसाव्या श्लोकात ज्ञानवानही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तेथे निग्रह काय करणार, असा प्रश्न केला आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात इंद्रियांच्या विषयांत रागद्वेष बसलेलेच आहेत, त्यांच्या अधीन होऊ नये, अशी आज्ञा आहे. वरवर पाहता हा विरोध वाटतो. निग्रह निष्फळ असेल तर अधीन न होण्याची आज्ञा कशी पाळावी?

महानुभाव आचारधर्माची रचना पाहिली म्हणजे हा विरोध सुटतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकाला विषयांच्या समोर बसवून मन आवर असे सांगितले नाही. त्यांनी स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषेकरून संबंधितांचा संबंध सोडावयास सांगितले. जीव विकाराला वश आहे हे गृहीत धरून त्याला विकाराच्या निमित्तापासूनच दूर नेले. भिक्षेचेही तसेच. अनेक घरचे अन्न एका झोळीत आले की निवड संपते, आणि जेथे निवड नाही तेथे जिव्हेला आपले राज्य चालविता येत नाही. अटन हा तर नित्याचाच विधी. व्यायाम हा शब्दही न उच्चारता देह चालता राहतो. याचा अर्थ असा की, परंपरेचा भरवसा क्षणोक्षणीच्या निग्रहावर नव्हता, व्यवस्थेवर होता. एकदा करावयाचा निश्चय मोठा, पण त्यानंतर प्रत्येक घासाशी लढाई नाही. आजच्या संशोधनाशी हे किती जुळते पाहा. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात सिद्ध झालेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तितके खावे म्हणून, दिले गेले. कारखान्याच्या अन्नाच्या दिवसांत तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खाऊ लागली. माणसे बदलली नव्हती, त्यांचा निश्चयही बदलला नव्हता. समोरचे ताट बदलले होते.

तेव्हा कर्तृत्व आहे, परंतु ते ताटाशी फार थोडे आणि ताटाच्या आधी पुष्कळ आहे. बांधाला चार तास ज्वारी पेरावी की नाही, घरात तेलाचा डबा महिन्याला किती यावा, पोराच्या हाती शाळेत जाताना पाच रुपये ठेवावेत की मूठभर फुटाणे, हे निर्णय भूक लागण्यापूर्वीचे आहेत, आणि तेथे मनुष्य बऱ्याच अंशी स्वतंत्र असतो. सतराव्या अध्यायातील सात्त्विक आहाराचे वर्णन वाचताना एक गोष्ट सहसा सुटते : तेथे रसयुक्त आणि स्निग्ध अन्नाचीही गणना सात्त्विकात केली आहे. तूप वा गूळ हा शत्रू नव्हे. किती, हा प्रश्न सहाव्या अध्यायातील युक्त या शब्दाचा आहे.

याच न्यायाने उपहाराच्या पंगतीचाही विचार करावा लागेल. वासनिक मोठ्या भावाने शिरा, पुरी, बुंदी करतो आणि महंतांना, भिक्षूंना आग्रहाने वाढतो. पंगतीतील एखाद्या वृद्ध तपस्व्याला मधुमेह आहे हे पुष्कळदा सर्वांना ठाऊक असते. त्यांनी नको म्हटले तर दात्याच्या भावाचा अवमान, घेतले तर देहाला पीडा. अशा वेळी पुढे कोणी म्हणतो, साधू असूनही जिभेला आवर नाही. त्या ताटात पदार्थ कोणी घातला हे तो विसरलेला असतो. दानात दात्याचाही विवेक मोजला जातो. घेणाऱ्याला अपाय होईल असे जाणून दिलेले अन्न शुद्ध भावाचे कसे राहील? काही आश्रमांतून अटनाची जागा जीपगाडीने घेतली आहे आणि भिक्षेची जागा स्वयंपाकघराने. काळाप्रमाणे ते अपरिहार्य असेलही. पण मग आचाराने जी व्यवस्था आपोआप होत होती, ती जाणूनबुजून उभी करावी लागेल.

सर्वांत अवघड प्रसंग घरातील स्त्रीचा आहे. ती शेवटी जेवते. अन्न टाकू नये हा तिच्यावरचा संस्कार, आणि तो उत्तमच आहे. म्हणून मुलांच्या ताटातील अर्धी पोळी, पातेल्यातील उरलेला भात, कढईच्या तळाची भाजी तिच्याच पोटी जाते. तिला भूक असो वा नसो. येथे रस नाही, आसक्ती नाही, केवळ अन्नाविषयीचा आदर आहे. तरीही देह वाढतोच. तिने दुपारी फिरावयास जावे म्हणावे तर तेवढा वेळ तिला कोणी दिलेला नाही. घरच्या माणसांनी तिच्याबरोबर एका पंगतीत बसावे, सकाळी किती जण जेवणार हे तिला आधी सांगावे आणि पातेले त्या अदमासाने चढावे, म्हणजे उरलेले तिच्या वाट्याला येणार नाही.