जुळ्या गर्भातील व्यंग आणि जिवाची अमानत

मानवी जीव ही अल्लाहची अमानत आहे. दारिद्र्याच्या भीतीने अपत्यहत्या करण्यास दिव्य कुरआनने मनाई केली आहे (१७:३१). परंतु जुळ्यांपैकी एका गर्भातील गंभीर व्यंगामुळे दुसऱ्याचाच जीव धोक्यात आला, तर ही अमानत कशी जपावी?

येथे व्यंग आणि धोका यांत भेद करणे आवश्यक आहे. दोन्ही गर्भांची वार स्वतंत्र असेल, तर एकाच्या व्यंगाचा दुसऱ्याला सहसा थेट अपाय होत नाही. वार एकच असेल, तर दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. एक गर्भ दगावल्यास दुसऱ्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. क्वचित एका गर्भाला हृदयच नसते. तो भावंडाच्या रक्तावर वाढतो आणि दोघांचा भार वाहताना ते निरोगी हृदय थकते. अशा वेळी हृदयहीन गर्भाकडे जाणारे रक्त रोखून दुसऱ्याला वाचविण्याचा प्रयत्न केला जातो.

गर्भात १२० दिवसांनी रूह फुंकली जाते, असे हदीसवरून बहुतेक उलेमा मानतात. मक्केतील राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९० साली निर्णय दिला की, विश्वासू तज्ज्ञांच्या समितीने असाध्य, गंभीर व्यंग सिद्ध केल्यास या मुदतीपूर्वी गर्भपाताची मुभा आहे. त्यानंतर केवळ मातेच्या जिवाला धोका असल्यासच. डॉक्टर मासिक पाळीपासून आठवडे मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबाने ही मुदत साधारण १९ व्या आठवड्यात संपते.

कायद्याची मर्यादा निराळी आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका मातेला जुळ्यांपैकी डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भाबाबत परवानगी दिली होती. परंतु कायद्याने दिलेली मुभा म्हणजे शरीअतची मुभा नव्हे. मतिमंद वा अपंग मूल भावंडाच्या जिवावर उठलेले नसते. त्याचे संगोपन ही आईवडिलांची कसोटी आहे. जिथे एकाला वाचविले नाही तर दोघेही जाणार, तिथे मात्र दोन अपायांपैकी लहान अपाय पत्करावा, हे फिकहचे तत्त्व विचारात घ्यावे लागते.

म्हणून फुलचूरसारख्या गावातील कुटुंबानेही जुळी असल्याचे कळताच, तिसऱ्या महिन्यातील सोनोग्राफीतच वार एक की दोन, हे विचारून घ्यावे. शंका आढळल्यास गोंदियाहून नागपूरच्या तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. त्यांचा लेखी अहवाल जाणकार मुफ्तींपुढे ठेवावा. केवळ ऐकीव माहितीवर फतवा मागू नये. निर्णयाचा भार एकट्या सुनेवर टाकून तिला दोष देणे हा तर उघड जुलूम आहे.

अल्लाह आपणां सर्वांना न्यायाने आणि दयेने निर्णय घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.